मृगाआधीचा टायर

आळेफाट्यावर दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, आणि त्यांच्यात काडीचंही साम्य नाही. पुण्याहून नाशिकला जाणारा नाकासमोर चालतो. नगरहून कल्याणला जाणारा ओतूर, डिंगोरे, मढ ओलांडून माळशेजच्या कड्याशी पोचला की वळणामागून वळण घेत कोकणात उतरतो. जुन्नर-आंबेगावात मोटरसायकल चालवणाऱ्याचा टायर या दोन रस्त्यांच्या कात्रीत सापडलेला असतो. पहिला त्याला मधोमध खातो आणि दुसरा नेमका कडांवर भार टाकतो.

माझी गाडी डोमिनार. बजाजने ती 2016 च्या डिसेंबरात आणली आणि ती बनते चाकणला, मंचरहून तासाभराच्या वाटेवर. तिकडे नाशिकच्या सातपूरला सिएटचा कारखाना आहे. म्हणजे आमच्या रस्त्याच्या एका अंगाला गाड्या बनतात, दुसऱ्या अंगाला टायर, आणि मधल्या पट्ट्यात आम्ही दोन्हींची परीक्षा घेत बसलेले. डोमिनारचं वजन एकशे ऐंशी किलोच्या पुढे, मागे 150 मिलिमीटर रुंदीचा रेडियल. एवढी जड गाडी आठवडाभर महामार्गावर ऐंशी-नव्वदने पळवायची आणि रविवारी तीच भीमाशंकरच्या नाहीतर माळशेजच्या वळणांवर कलती करायची, अशा दुहेरी संसारासाठी जे टायर करतात त्यांना स्पोर्ट-टूरिंग म्हणतात. मिशेलिनची रोड मालिका, पिरेलीचा एंजल जीटी, मेट्झेलरचा रोडटेक, ही त्यातली बडी घराणी. मोठ्या गाडीसाठी यांतली एक जोडी घ्यायची तर तेवढ्या पैशात गावाकडे एखादी जुनी स्प्लेंडर दारात येते.

मागचा टायर झिजत आला की मी एक उद्योग करतो. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेतो आणि टायरवर आडवी धरतो. मोटरसायकलचा टायर आडव्या छेदात गोल असतो, त्यामुळे नव्या टायरवर पट्टी एकाच ठिकाणी टेकते आणि दोन्हीकडे डुलते. काही हजार किलोमीटरनंतर तीच पट्टी तीन बोटांच्या रुंदीवर सपाट बसते. मंचर किंवा नारायणगावहून रोज चाकणला कामाला जाणाऱ्या कुणाचीही गाडी स्टँडवर घेऊन बघा. मधल्या खाचा पुसट झालेल्या दिसतील, बोट फिरवलं तर अडखळणार नाही. आणि कडांना मात्र साच्यातून आलेली रबराची बारीक कुसळं अजून तशीच उभी असतील. एकाच टायरच्या अंगावर म्हातारपण आणि कोवळेपण शेजारी शेजारी नांदत असतं.

याला आमचा सुधारलेला रस्ताही जबाबदार आहे. पूर्वी खेड घाटाची वळणं होती, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव इथली कोंडी होती. गाडी थांबायची, वळायची, डावी-उजवी व्हायची. आता या सगळ्यांना बायपास झाले. वेळ वाचतो, डोकं शांत राहतं, याबद्दल तक्रार करणारा करंटाच म्हणायला हवा. पण गाडी सरळ उभी असताना सगळं वजन आणि इंजिनाचा सगळा जोर मागच्या टायरच्या त्याच अरुंद पट्ट्यावर पडतो. रस्ता जितका सरळ, तितका टायर चौकोनी.

चौकोनी झालेला टायर सरळ रस्त्यावर चकार शब्द काढत नाही. ब्रेक लागतो, गाडी डगमगत नाही, पेट्रोलही जास्त पीत नाही. त्याचं खरं रूप दिसतं ते मढ सोडल्यावर. वळणावर हँडल ढकललं तरी गाडी आधी ऐकत नाही, उभीच राहू बघते. जरा जोर लावला की सपाट भागाची धार ओलांडून एकदम खाली जाते. चांगल्या टायरवर गाडी जेवढी कलती करावी तेवढीच कलते. इथे मधल्या मापाला जागाच उरत नाही. सवयीचा माणूस तेवढं सांभाळून घेतो. पण घाटात समोरून टोमॅटोची भरलेली पिकअप मधली रेघ खाऊन येते तेव्हा आपली रेषा बदलायला अर्धा क्षण मिळतो, आणि त्या अर्ध्या क्षणात गाडीने आधी नाही म्हणायचं आणि मग एकदम हो म्हणायचं, हे परवडणारं नसतं.

कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा असा, की टायरचा मधला पट्टा कडक रबराचा करायचा आणि दोन्ही खांदे मऊ रबराचे. मध्ये टिकाऊपणा, कडांना पकड. कल्पना उत्तम आहे. पण ती ज्या रस्त्यांवर पारखली गेली ते युरोपातले डोंगररस्ते. तिथला हौशी स्वार आल्प्समध्ये दिवसच्या दिवस वळणांवर काढतो आणि त्याचे खांदे मधल्या भागाच्या बरोबरीने झिजतात. आमच्याकडे प्रमाण उलटं. घोडेगावहून डिंभे ओलांडून भीमाशंकर गाठलं, आपटाळे-घाटघर करून नाणेघाटापर्यंत गेलं, माळशेज उतरून टोकावड्याला चहा घेतला, तरी वर्षाच्या एकूण किलोमीटरांत वळणांचा वाटा किरकोळच. मऊ खांद्यांसाठी पैसे मोजायचे आणि ते न वापरता टायर टाकून द्यायचा, हा आमच्या भागातला नियम. तरीही मी ते पैसे वाया गेले असं म्हणत नाही. जुलैतल्या एखाद्या वळणावर त्या खांद्याची पाच सेकंद गरज लागते, आणि तेव्हा तो असावा लागतो.

नारायणगावच्या चहाच्या टपरीवर रविवारी सकाळी हेल्मेटं टेबलावर आली की पहिला प्रश्न ठरलेला: किती चालला? कुणाचा बारा हजारांत संपलेला असतो, कुणी वीस हजारांची छाती ठोकून ग्वाही देतो, आणि वीसवाल्याच्या टायरला लगेच मागणी येते. मला हा आकडा ऐकून काहीच कळत नाही. कुठे चालला, हवा किती होती, मागे माणूस बसत होतं का, ब्रेकवर किती जीव होता, उन्हाळ्यात चालला की पावसाळ्यात, हे विचारल्याशिवाय तो आकडा म्हणजे खत-पाण्याचा तपशील न देता सांगितलेला एकरी उतारा. मंचरला एक टायरवाला आहे, बोलायला तुसडा पण नजरेचा पक्का. त्याच्यापुढे एकदा एक तरुण हट्टाला पेटला होता, "भाऊ, अजून पाच हजार आरामात चालंल हा." टायरवाल्याने टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चालंल की. पण कुठं चालंल ते सांग. चाकणला जायचं का भीमाशंकरला?"

अंगठा का फिरवायचा, तेही त्यानेच दाखवलं होतं. पुढच्या टायरवर पुढून मागे अंगठा नेला तर गुळगुळीत लागतो, उलट आणला तर प्रत्येक नक्षीची कड टोचते. ब्रेक लावताना नक्षीचे ठोकळे एकाच दिशेने दुमडत राहतात, त्याची ही खूण. पुढचा टायर खाच शिल्लक असतानाही असा दातेरी होतो आणि मग हँडलमध्ये बारीक थरथर येते. पुष्कळ लोक ती थरथर बेअरिंगची समजून गॅरेजमध्ये पैसे घालवतात.

आता पकड म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. गाडी, स्वार आणि मागे बसलेलं माणूस मिळून तीनशे किलोच्या घरातलं ओझं जमिनीला टेकतं ते दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण फार तर तळहाताएवढं. तेवढ्या जागेत रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. एक तर ते खडीच्या बारीक टोकांवर दबून खळग्यांत शिरतं आणि तिथून मूळ आकारात यायला किंचित उशीर लावतं. हा उशीर म्हणजे पकडीचा मोठा भाग. दुसरं, रबर दगडाला क्षणभर चिकटतं. रस्ता ओला झाला की हे चिकटणं जवळजवळ संपतं आणि सगळी भिस्त त्या उशिरावर येते. काळ्या रबरात काजळीबरोबर सिलिका मिसळायला लागले ते त्यासाठीच; थंड, ओल्या रस्त्यावरही रबर मऊ राहून खळग्यांत शिरावं म्हणून. नक्षीच्या खाचांचं काम वेगळं: मधलं पाणी बाजूला सारून रबराला दगडापर्यंत पोचू द्यायचं. खाच उथळ झाली की रबर कितीही चांगलं असो, ते पाण्यावर टेकतं.

आणि दर खेपेला खळग्यातून सुटताना रबराचा कण मागे राहतो. धरणं आणि झिजणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. हे आमच्याकडच्या गाडीवानांना टायर येण्याआधीपासून ठाऊक आहे. कारखान्याला ऊस ओढणाऱ्या बैलांना नाल मारतात, कारण डांबरावर खूर झिजतो. लोखंड खुरापेक्षा टिकतं, पण ओल्या उतारावर नाल मारलेला बैल ज्या रीतीने पाय पसरून जपून उतरतो ते पाहिलं की टिकण्याची किंमत कशात मोजली जाते ते कळतं. कल्याण-सोपाऱ्याहून माल चढवणारे तांडे सातवाहनांच्या काळात ज्या नाणेघाटाने जुन्नरला येत, तिथल्या दगडी वाटेवर आजही पावसात पाय ठरत नाही. राणी नागनिकेचा लेख असलेल्या लेण्यापर्यंत चढताना ट्रेकर मंडळी आपल्या बुटांच्या तळव्यांना शिव्या घालतात. तळवेही रबराचेच, आणि कडक तळव्यांचे टिकाऊ बूटच तिथे जास्त घसरतात. न झिजणारा टायर मागणारा माणूस नकळत न धरणारा टायर मागत असतो.

रस्त्याची बाजू मात्र कुठल्याच टायरच्या जाहिरातीत नसते. आमच्या दोन तालुक्यांत पकड महिन्यागणिक बदलते. दिवाळीनंतर विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झाले की ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांतून पडलेली उसाची कांडी आणि वाढं रस्त्यावर चिरडून पसरतात. सकाळच्या दवात त्यावर ब्रेक लावून बघू नये. डिसेंबर-जानेवारीत जुन्नरच्या थंडीत टायर तापायलाच वेळ लागतो. पहिले काही किलोमीटर गाडी लाकडी वाटते. एप्रिल-मेमध्ये जुन्या रस्त्यांवर डांबर वर येतं, वळणाच्या आतल्या बाजूला काळं चकाकणारं, आणि त्यात खडीची टोकं बुडून जातात. मग रबराने शिरायचं कुठे? त्याच दिवसांत नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचा हंगाम चढत जातो आणि बाजाराच्या तोंडाशी लाल चिखल होतो. परगावच्यांना हे विनोदी वाटतं. टोमॅटोच्या सालीवरून पुढचं चाक गेल्यावर वाटत नाही.

सगळ्यांत कपटी काळ पहिल्या पावसाचा. आठ महिन्यांचं सांडलेलं डिझेल, ऑइल, धूळ पाण्याबरोबर वर येतं आणि अर्धा-एक तास रस्त्याला साबण लागतो. नंतरचा मुसळधार पाऊस त्या मानाने प्रामाणिक. तो रस्ता धुऊन काढतो. जुलैत शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर आपल्या चाकांतला गारा महामार्गावर सांडत जातात. माळशेजमध्ये धबधबे कड्यावरून थेट रस्त्यावर येतात, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही, आणि रस्त्याच्या कडेला, जिथून पाणी सतत वाहतं, हिरवं शेवाळ धरतं. फोटोसाठी गाडी कडेला घेणारे तिथेच आडवे होतात. गाडी थांबत आलेली असताना, पाय टेकवताना. तळेघरच्या पुढे भीमाशंकरच्या झाडीत पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी रस्ता वाळत नाही, कारण ऊन खाली पोचतच नाही. एकाच रस्त्यावर कोरडा उजेड आणि ओली सावली आलटून पालटून येतात, आणि श्रावणी सोमवारी त्यात एसटी आणि भाविकांच्या गाड्यांची रांग.

रात्रीचं आणखी एक. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आडवा येतो. जुन्नरला ही अतिशयोक्ती नाही, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. बिबट्या तर क्वचित दिसतो, पण त्याच्या धास्तीने समोरचा करकचून ब्रेक लावतो तेव्हा आपल्यालाही लावावा लागतो. एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे आणि त्याने जीव वाचतात याबद्दल शंका नाही. पण एबीएस आहे ती पकड वाटून देतं, नसलेली कुठून आणणार? गोटा झालेल्या टायरवर एबीएस फक्त कुरकुर करतं.

मला इथे दूधवाल्यांची आठवण काढायलाच हवी. पहाटे डेअरीकडे निघालेली, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली स्प्लेंडर. मागचा टायर असा की नक्षी होती यावर विश्वास बसू नये. ही माणसं महिनोन्महिने पडत नाहीत. त्यांच्यामागे गाडी चालवली तर कळतं का ते. ब्रेक वळणाच्या पुष्कळ आधी, सरळ गाडीत. ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक कधीच नाही. चिखलाचा पट्टा आला की हात सैल, ना ब्रेक ना रेस. महागड्या टायरवाल्या आम्हा मंडळींपेक्षा त्यांना रस्ता जास्त वाचता येतो. पण याचं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. दीड-दोन हजारांचा टायर दोन महिने पुढे ढकलावा लागतो तो दुधाचा भाव परवडत नाही म्हणून, आणि एखाद्या पहाटे आडवं आलेलं कुत्रं कौशल्य बघत नाही. त्याहून वाईट म्हणजे गुळगुळीत टायरला गरम पात्याने नव्या खाचा कोरून तो "चांगला सेकंडहँड" म्हणून विकतात. खाच खोल दिसते, खाली रबर मात्र कागदाएवढं. असा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

कायद्याचं माप केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिलेलं आहे: दुचाकीच्या टायरची खाच 0.8 मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बाद. खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो, टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा बाण त्याची जागा दाखवतो. नक्षी त्या उंचवट्याला टेकली की संपलं. हे माप कोरड्या चाकण-मंचरसाठी पुरेसं असेल. माळशेजच्या जुलैसाठी मी ते मानत नाही. दोन मिलिमीटरच्या खाली टायर गेला की मी पावसात घाटात जात नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की टायर किलोमीटरवर बदलू नका, पंचांगावर बदला. शेतकरी मृगाच्या आधी बांधबंदिस्ती उरकतो, घरावर कौलं-पत्रे सारखे करतो. मृग लागतो 7-8 जूनच्या सुमारास. मेच्या शेवटच्या आठवड्यात गाडी स्टँडवर घ्या, पट्टी ठेवा, अंगठा फिरवा. उरलेला टायर ऑक्टोबरपर्यंत पुरेल का, असं विचारायचं असेल तर उत्तर आधीच मिळालेलं आहे. एप्रिलमध्ये अर्धा उरलेला टायर दिवाळीत संपवला तर दोन-तीन हजार किलोमीटर वाचल्यासारखे वाटतात. पण ते वाचवायचेच असतील तर काढून ठेवा आणि पाऊस सरल्यावर त्यावर चाकण-मंचर करा. असं करणारे एक-दोघं माझ्या ओळखीत आहेत. लोक त्यांना चिक्कू म्हणतात, मला ते शहाणे वाटतात.

नवा घेताना टायरच्या कुशीवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2224 असेल तर तो 2024 च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. दुकानात चार-पाच वर्षं पडून राहिलेला टायर खाच भरपूर असली तरी कडक झालेला असतो, आणि स्वस्तात मिळतो तो बहुधा त्यामुळेच. हवा गाडी थंड असताना भरा, कंपनीने चेनकव्हरजवळ किंवा पुस्तिकेत जेवढी सांगितली तेवढीच. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, त्याला आपला आकडा सांगा. जास्त हवेने मधला पट्टा आणखी लवकर जातो, कमी हवेने टायर तापतो आणि वळणात डुलतो. नव्या टायरच्या अंगावर साच्याचा गुळगुळीतपणा असतो, तो जायला शंभरेक किलोमीटर द्या, आणि ते कोरड्या रस्त्यावर द्या. टायर मेमध्ये बसवण्याचं हेही एक कारण.

पुण्या-मुंबईहून पावसात माळशेजला येणाऱ्यांना एक विनंती. ओतूरला चहाला थांबाल तेव्हा दोन मिनिटं वाकून टायर बघा. मध्ये चपटा आणि खाच उथळ दिसली तर पिंपळगाव जोगे धरणाच्या काठावर बसून धुकं बघा आणि तिथूनच परत फिरा. घाट पुढच्या रविवारीही तिथेच असेल, आणि टायरचं दुकान आळेफाट्याला उघडं असतं.